अडीच फुटांचे साडेपाच फूट

जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदेला हात जोडून झाले की पाय आपसूक स्टेशनाकडे वळतात. निदान आम्हा रेल्वेवेड्यांचे तरी! जबलपूर आपल्या गोंदियाला जोडणाऱ्या इथल्या मार्गावर २०१५पर्यंत छोटी गाडी धावायची, नॅरोगेजवर. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ३० इंच. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर. गुणून बघा: ७६२, अगदी नेमके.

आता तिथे ब्रॉडगेज. साडेपाच फूट, म्हणजे ६६ इंच. गुणाकार येतो १६७६.४, पण रेल्वेच्या कागदावर १६७६. उरलेला ०.४ मिलिमीटर, जेमतेम नखाच्या जाडीएवढा, खुशाल सोडून दिलाय.

घाटावरचे, नर्मदेची परिक्रमा करणारे परिक्रमावासी मात्र अजून कोसांतच बोलतात. कोस साधारण दोन मैलांचा, सव्वातीन किलोमीटरचा. पण तो गावागणिक बदलतो, तिथे कॅल्क्युलेटर खिशातच ठेवा!