शांग यांगची दंडनीति

दंडावांचून राज्य चालत नाहीं, हें आपल्याही शास्त्रकारांस मान्य आहे; पण कौटिल्यासारखा कठोर राजनीतिज्ञसुद्धां तीक्ष्ण दंडानें प्रजा उद्विग्न होते असें बजावितो. प्राचीन चीनमध्यें मात्र दंड हाच राज्याचा पाया मानणारा एक पंथ होऊन गेला. त्याचा कर्ता पुरुष शांग यांग. इ. स. पूर्वी ३५६ पासून छिन राज्यांत त्यानें नवे कायदे सुरू केले.

कायदे तरी कसे? पांच-पांच, दहा-दहा कुटुंबांचे गट करून एकाच्या अपराधास सारे जबाबदार. अपराध्याची खबर न देणाऱ्यास कमरेपाशीं तोडावें. देणाऱ्यास शत्रूचें शिर आणणाऱ्या शिपायाइतकें बक्षीस. आणि आमच्या वाचकांनीं विशेष पाहावें असें कलम हें कीं, एका घरांत दोन किंवा अधिक कर्ते पुरुष विभक्त न होतां राहिले तर कर दुप्पट! बिऱ्हाडें वाढलीं कीं लागवड वाढते, कर आणि सैनिकही वाढतात, हा त्यांतील हिशेब. आमच्याकडे चुली वेगळ्या होतात त्या बहुधा घरच्याच कुरबुरींनीं. तेथें त्या राजाज्ञेच्या धाकानें झाल्या.

पुढें युवराजानेंच कायदा मोडला. गादीच्या वारसास हात कसा लावावा? म्हणून त्याच्या दोघां गुरूंपैकीं एकास शरीरदंड झाला व दुसऱ्याचें तोंड गोंदविलें. जन्म शाळेंत घालविलेल्या आम्हांस हें वाचून हंसावें कीं रडावें तेंच कळेना.

इ. स. पूर्वी ३३८ मध्यें राजा वारला, युवराज गादीवर आला आणि यांग पळाला. वाटेंत एका पांथशाळेच्या यजमानानें त्याच्याकडे ओळखीचा दाखला मागितला. दाखल्यावांचून कोणास ठेवून घेतलें तर आम्हांसही शिक्षा, शांग यांगचा तसा कायदाच आहे, असें त्या बिचाऱ्यानें सांगितलें. आपण कोणाशीं बोलत आहों हें त्यास काय ठाऊक! शेवटीं यांग मारला गेला, त्याचें प्रेत रथांना बांधून फाडलें. कायदे मात्र नव्या राजानें तसेच ठेविले. त्यांच्याच बळावर इ. स. पूर्वी २२१ मध्यें छिननें सारा चीन एक केला, आणि अवघ्या १५ वर्षांत तें साम्राज्य बुडालें.

बुडण्याचें निमित्त असें सांगतात कीं, पहाऱ्यावर निघालेली एक तुकडी पावसांत अडकली. उशिराला देहांत शासन, म्हणून तिनें बंडच केलें. पण १९७५ मध्यें हूपै प्रांतांत छिनच्या एका अधिकाऱ्याच्या थडग्यांत ११०० हून अधिक बांबूच्या पट्ट्या सांपडल्या. त्यांतील कायद्याप्रमाणें वेठीस सहा ते दहा दिवस उशीर झाला तर दंड एका ढालीचा, आणि पावसानें काम अडलें तर सूट! हें कलम वेठीचें, पहाऱ्याचें नव्हे, हें खरें. तथापि वरील कथा ज्या सुमा छ्येननें लिहिल्या, तो छिनच्या जागीं आलेल्या हान घराण्याच्या पदरीं होता, हेंही विसरतां येत नाहीं.