पोटात दुखतंय, पण कुठे आणि केव्हा?

'पोटात दुखतंय' या दोन शब्दांत आपल्या घरांतून किती गोष्टी झाकल्या जातात! पाळीचे दुखणे त्यात, लघवीची जळजळ त्यात, अपचनही त्यातच. बँकेतल्या माझ्या नोकरीत एखादी मुलगी काउंटरवर पांढरीफटक होऊन बसलेली दिसे. रजेच्या अर्जावर मात्र 'ताप' लिहून मोकळी होई. ओटीपोट हा शब्द काही कागदावर उतरत नसे.

त्या ओटीपोटात गर्भाशय, त्याच्या दोन बाजूंना बदामाएवढे बीजकोश, पुढे मूत्राशय, मागे आतडे अशी दाट वस्ती आहे. एकाचे दुखणे दुसऱ्याच्या दारात ऐकू येते. म्हणून 'कुठे' इतकेच 'केव्हा' महत्त्वाचे. दोन पाळ्यांच्या मध्यावर एका बाजूला काही तास किंवा दिवसभर दुखले, तर ते बहुधा बीज सुटल्याचे; घाबरू नये. पण एकाच बाजूला अचानक असह्य कळ आली, उलट्या झाल्या, तर बीजकोशाला पीळ पडलेला असू शकतो. पाळी चुकलेली असताना दुखून चक्कर आली, तर गर्भ नळीत राहिल्याची शंका. अशा वेळी ओवा आणि शेक यांत तास घालवायचे नाहीत, तडक रुग्णालय गाठायचे.

सर्वांत फसवे दुखणे एंडोमेट्रिऑसिसचे. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेरच, बीजकोशावर किंवा आतड्यालगत रुजतो आणि पाळीबरोबर तोही सुजतो. बीजकोशात जुने रक्त साचून गाठ होते, तिला डॉक्टर 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. (एवढे गोड नाव कुणाला सुचले असेल!) जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रियांना हा आजार असतो, निदानाला कित्येकदा वर्षे लागतात. सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. आपल्याकडे गर्भनळ्यांचा क्षयही अशाच तक्रारी घेऊन येतो.

'सोस' हे एक उत्तर. दुसरे, 'पिशवी काढून टाक'. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या बातम्या आल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. फडात पाळीच्या दिवशी बसले की खाडा, आणि खाड्याला दंड. दुखण्याचा हिशेब तिथे कोण मांडणार?

पन्नाशीनंतरची गोष्ट वेगळी. पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, वारंवार लघवीला लागणे हे आठवडेच्या आठवडे टिकले, तर तपासून घ्यावे. बीजकोशाचा कर्करोग असाच साध्या वेषात येतो.

माझ्या भाचीला मी एक वही आखून दिली, जमाखर्चासारखी: तारीख, बाजू, पाळीचा कितवा दिवस, शौचाला किंवा नवऱ्याजवळ जाताना दुखते का. चार महिन्यांनी ती वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी पाने उलटली आणि विचारले, "शाळेत असतानाही दांड्या पडायच्या का गं?" हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारत होते.