शंभर पट वाढणारे पिल्लू

सप्टेंबर 2014 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात झ्यूस नावाचा एक ग्रेट डेन कुत्रा मेला. खांद्यापाशी त्याची उंची 111.8 सेंटिमीटर होती आणि जगातला सर्वांत उंच कुत्रा म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली होती. पुढे 2022 मध्ये टेक्सासमधल्या एका ग्रेट डेनला हाच मान मिळाला. योगायोगाने त्याचेही नाव झ्यूसच. हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा पुढचा एक पाय कापावा लागला, नंतर न्यूमोनिया झाला आणि सप्टेंबर 2023 मध्ये तोही गेला. मृत्यूच्या वेळी पहिला पाच वर्षांचा होता, दुसरा तीन वर्षांचा.

ही दोन टोकाची उदाहरणे आहेत हे खरे. पण ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ, आयरिश वुल्फहाउंड अशा जातींचे कुत्रे साधारणपणे सात ते दहा वर्षेच जगतात. नीट सांभाळलेला गावठी कुत्रा सहज बारा-तेरा वर्षे काढतो. मुलगी पाचवीत असताना ग्रेट डेनचे पिल्लू घरी आणले, तर ती बारावीला जाईल तेव्हा तो म्हातारा झालेला असेल, कदाचित नसेलही. असे पिल्लू घ्यावे का, असे आम्हांला अधूनमधून विचारले जाते. त्याचे हो किंवा नाही असे उत्तर आम्ही देत नाही. आकार वाढला की शरीरात काय काय बदलते ते सांगतो.

आयुष्याचा मुद्दा जरा चमत्कारिक आहे. उंदरापेक्षा हत्ती जास्त जगतो, हे आपण वर्गात सांगतो. वेगवेगळ्या प्रजातींची तुलना केली, तर मोठा प्राणी सहसा दीर्घायुषी असतो. कुत्र्यांच्या एकाच प्रजातीच्या आत मात्र हा नियम उलटा होतो. 74 जातींच्या नोंदी तपासून 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ढोबळ हिशोब असा निघाला, की वजनात दर दोन किलोंची भर पडली की अपेक्षित आयुष्य सुमारे एका महिन्याने घटते. मोठ्या कुत्र्यांचे म्हातारपण फार लवकर सुरू होते असे नाही. एकदा सुरू झाले की ते भराभर पुढे सरकते, असे या अभ्यासकांना दिसले.

इन्सुलिनसारख्या एका वाढ-घटकाच्या जनुकाचा आकाराशी मोठा संबंध आहे, हे 2007 मध्ये लक्षात आले होते. लहान जातींमध्ये या जनुकाचे एक रूप आढळते, मोठ्या जातींमध्ये दुसरे. लहान आकाराचे रूप माणसाने कुत्रा पाळल्यानंतर निर्माण झाले असावे, असा समज होता. 2022 मध्ये सुमारे 54,000 वर्षांपूर्वीच्या सायबेरियातल्या एका लांडग्याच्या डीएनएमध्येही ते सापडले. म्हणजे निसर्गात दोन्ही रूपे आधीपासून होतीच, माणसाने फक्त निवड केली. आणि निवडताना हाडे, हृदय, आयुष्य यांचा विचार केला नाही.

आता वाढीकडे येऊ. ग्रेट डेनचे पिल्लू जन्मते तेव्हा सहाशे-सातशे ग्रॅमचे असते. दीड वर्षात ते साठ किलोंच्या आसपास जाते, म्हणजे जवळजवळ शंभर पट. माणसाचे तीन किलोंचे मूल अठरा वर्षांत साठ किलोंचे होते, म्हणजे फक्त वीस पट. या दीड वर्षात लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या मऊ कूर्चेच्याच असतात. वजन मात्र रोज वाढत असते. प्राणी मोठा झाला की त्याची हाडे प्रमाणाबाहेर जाड व्हावी लागतात, हे गॅलिलिओने 1638 साली हाडांचे चित्र काढून दाखवले होते. मोठ्या जातीच्या पिल्लाला हे गणित अर्धवट तयार सांगाड्यावर सोडवावे लागते.

आणि नेमके इथेच प्रेमापोटी नुकसान होते. ‘हाडे मोठी आहेत, कॅल्शियम लागेल’ असे म्हणून पिल्लाला औषधाच्या दुकानातले कॅल्शियमचे सिरप पाजले जाते. वर दूध, अंडी आणि ताट रिकामे होईल तितक्या वेळा खाणे. मोठ्या कुत्र्याचे आतडे गरज नसेल तेव्हा कॅल्शियम कमी शोषते. पहिल्या काही महिन्यांत पिल्लाला हे जमत नाही. आहारात जितके जास्त, तितके जास्त आत जाते. रक्तातले कॅल्शियम वाढले की जुने हाड कुरतडून नव्याला जागा करून देणाऱ्या पेशींचे काम मंदावते, आणि कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याची क्रिया विस्कळीत होते. परिणामी पाय वाकतात, सांध्यातल्या कूर्चेचे तुकडे सुटतात, पिल्लू लंगडते. ते लंगडते म्हणून घरचे आणखी एक बाटली आणतात.

याचा अर्थ कॅल्शियम नको असा नाही. नुसता भात आणि बिनहाडाचे मांस खाऊ घातले, तर उलटा प्रकार घडतो. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे, त्यामुळे शरीर हाडांतूनच कॅल्शियम काढून घेते आणि हाडे पातळ होतात. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी तयार केलेला समतोल आहार द्यावा आणि त्यावर वेगळे कॅल्शियम देऊ नये, हा सोपा मार्ग. घरचेच अन्न द्यायचे असेल, तर प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे.

किती द्यावे, हेही महत्त्वाचे. 1974 मध्ये ग्रेट डेनच्या पिल्लांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हवे तितके खाऊ दिलेल्या पिल्लांच्या हाडांत आणि सांध्यांत जास्त दोष निघाले, मोजके अन्न मिळालेल्यांत कमी. लॅब्रेडॉर हा काही महाकाय कुत्रा नव्हे, पण 48 लॅब्रेडॉरांना आयुष्यभर तपासून 2002 मध्ये जे प्रसिद्ध झाले तेही इथे आठवते: एक चतुर्थांश अन्न कमी दिलेले कुत्रे सरासरी जवळजवळ दोन वर्षे जास्त जगले. पिल्लाच्या बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर बोटांना सहज लागाव्यात. पाहुणे ‘बारीकच आहे’ म्हणाले तर म्हणू द्यावे.

खर्चाचा अंदाज गणकयंत्रावर काढता येतो, आणि आठवी-नववीच्या वर्गात हे करून घ्यायला मजा येते. क्लायबर यांनी 1932 साली मांडलेल्या नियमानुसार विश्रांतीतली ऊर्जेची गरज वजनाच्या पाऊणाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. वजनाचा घन करा आणि वर्गमुळाची कळ दोनदा दाबा. 16 किलोंसाठी 8 येतात, 64 किलोंसाठी सुमारे 22.6. याला 70 ने गुणले की अनुक्रमे 560 आणि 1,580 किलोकॅलरी. चौपट वजनाला चौपट अन्न लागत नाही, पावणेतीन पट लागते. तरीही हिंडण्याफिरण्याची गरज धरली तर मोठ्या कुत्र्याला दिवसाला अडीच हजार किलोकॅलरी, म्हणजे घरात एक कर्ता माणूस जेवायला वाढला असेच समजा. औषधे आणि भूल मात्र बरीचशी किलोच्या हिशोबाने लागतात.

आता उष्णता. साबणाच्या वडीचे 1 सेंटिमीटर आणि 2 सेंटिमीटर बाजूचे ठोकळे कापले, तर दुसऱ्याचे घनफळ आठ पट होते, पृष्ठभाग चारच पट. उष्णता तयार होते आतल्या पेशींत, बाहेर पडते पृष्ठभागावरून. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या तळव्यांनाच. बाकी सारा भार धापा टाकत जिभेवरून आणि श्वसनमार्गातून बाष्प सोडण्यावर. कोकणातल्या दमट हवेत हे बाष्पीभवन मंदावते. सेंट बर्नार्ड ही आल्प्समधल्या 2,469 मीटर उंचीच्या खिंडीत, बर्फात वाढलेली जात आहे. नागपूरच्या मे महिन्यात त्याला पंखा पुरत नाही, आणि थंड हवेचे यंत्र परवडेल असे म्हणणाऱ्यांनी भारनियमनाचाही विचार केलेला बरा.

एका आजाराची माहिती मात्र पिल्लू येण्याआधीच हवी. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर वायूने फुगते आणि स्वतःभोवती पीळ घेते. दोन्ही तोंडे बंद होतात, रक्तवाहिन्या दाबल्या जातात. कुत्रा ओकाऱ्या काढतो पण बाहेर काही येत नाही, पोट ताठ होते, तो अस्वस्थपणे फेऱ्या घालतो. हे दिसले तर सकाळची वाट पाहायची नसते; काही तासांत जीव जातो आणि शस्त्रक्रियेखेरीज उपाय नसतो. रात्री दोन वाजता अशी शस्त्रक्रिया आपल्या गावाजवळ कोण करते, हे आधी शोधून ठेवावे. दिवसाचे खाणे दोन-तीन वेळांत विभागून द्यावे, बकाबका खाऊ देऊ नये. भांडे स्टुलावर ठेवावे असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात उंच भांड्याचा संबंध उलट वाढत्या धोक्याशी आढळला. दुसऱ्या एखाद्या कारणाने भूल दिलीच असेल, तर जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून पक्के करून घेता येते.

आईवडिलांपैकी कोणाला असा पीळ पडला होता का, हे विक्रेत्याला जरूर विचारावे, कारण जवळच्या नात्यात तो आढळला असेल तर धोका वाढतो. त्यांच्या खुब्यांची क्ष-किरण चित्रे आहेत का, आजीआजोबा किती वर्षे जगले, हेही विचारावे. उत्तर टाळले तर पिल्लू टाळावे. घराचाही विचार हवा. गुळगुळीत फरशीवर वाढत्या पिल्लाचे पाय फाकतात, तिथे तरट किंवा रबरी चटई अंथरावी. आणि तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर साठ किलोंचा आजारी कुत्रा जिन्याने खाली कोण उतरवणार, ते ठरवून ठेवा.

पिल्लू आणलेच, तर दर रविवारी त्याचे वजन करावे. आधी त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहायचे, मग स्वतःचे वजन वजा करायचे. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर ते उचलवणार नाही. तेव्हा धान्याच्या दुकानातला मोठा काटा उपयोगी पडतो. आकडे आलेखाच्या कागदावर मांडत गेले तर इंग्रजी एस अक्षरासारखी रेषा मिळते. तिचा सर्वांत उभा चढ तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांच्या आसपास येतो, आणि सिरपची बाटली नेमकी त्याच वेळी घरात येत असते.