फोडणी, शिट्टी, गोधडी आणि वाघ

वाघ जंगलात आपली हद्द आखतो ती झाडाझुडपांवर फवारा मारून, आणि त्या फवाऱ्याला वास येतो चक्क बासमती भाताचा. थट्टा नाही. कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेतले रतनलाल ब्रह्मचारी वर्षानुवर्षं वाघांच्या या फवाऱ्याच्या मागे होते. वासामागचं रसायन निघालं टू-अ‍ॅसिटिल-वन-पायरोलीन. तेच बासमतीत असतं, आपल्या आंबेमोहोरात असतं, पावाच्या खरपूस कडेत आणि मक्याच्या लाह्यांत असतं. परसदारी कुंडीत लावतात त्या लांब हिरव्या पानातही असतं. कुणी त्याला बासमतीचं पान म्हणतं, कुणी आंबेमोहोराचं. साधा कोलम रटरटताना त्यात एक पान टाकावं, शेजारच्यांना वाटतं, आज यांच्याकडे भारीतला तांदूळ शिजतोय!

तेव्हा वासावरून घर ठरवण्याची युक्ती काही आपली नव्हे. उलट आपणच ती विसरत चाललोय. नव्या फ्लॅटची किल्ली हाती आली की सगळा पैसा डोळ्यांवर उधळायचा: पीओपीचं छत, त्यातले लपवलेले दिवे, टीव्हीमागची ती एक वेगळ्या रंगाची भिंत. महिन्याभरात त्या भिंतीकडे कुणी ढुंकून बघत नाही. घर अंगवळणी पडतं ते नाकाकानांतून आणि तळपायांतून, आणि तिथला बराचसा माल फुकट आहे.

तुमच्या घराला वास येतो

हो, तुमच्याही. फक्त तो तुम्हाला येत नाही. एकच वास सतत येत राहिला की नाक आणि मेंदू मिळून थोड्याच वेळात त्याची दखल घेणं सोडून देतात. नव्या वासासाठी जागा मोकळी हवी ना. म्हणून स्वतःच्या घराचा वास घ्यायचा एकच मुहूर्त: दिवाळीची सुट्टी संपवून गावाहून परत आल्यावर कुलूप काढतानाचे पहिले दोन-चार श्वास. तेवढ्यात जे काही येतं, तेच तुमचे पाहुणे इतकी वर्षं निमूटपणे हुंगत आलेत.

बाकी इंद्रियांचे निरोप मेंदूत थॅलॅमस नावाच्या ठाण्यावरून पुढे जातात. वास हे ठाणं टाळून भावना आणि आठवणी जिथे हाताळल्या जातात त्या भागांत थेट शिरतो. म्हणून मावशीच्या कपाटातल्या डांबरगोळ्या आधी पोटात कालवतात, आणि ‘हा वास कसला बरं?’ हा प्रश्न मागाहून येतो. नाकातले वास पकडणारे ग्राहक कुठल्या जनुकांतून तयार होतात, हे लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये दाखवलं आणि २००४ चं नोबेल मिळवलं. माणसात असे कामाचे ग्राहक साधारण ४०० प्रकारचे. रंगांचा सगळा संसार डोळा तीन प्रकारच्या शंकूपेशींवर चालवतो, हे शेजारी ठेवून बघा.

तडतड

फोडणीत मोहरी का उडते? दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती साल फोडून बाहेर पडते. मोहरीचा झणका मात्र फोडणीत जवळजवळ मरतो. तो जन्मतो दाणा चिरडला आणि पाण्याशी भेटला की, एका विकराच्या कृपेने. आणि तापलेलं तेल त्या विकराचा आधीच निकाल लावतं. म्हणून लोणच्यासाठी फेसलेली मोहरी थेट मस्तकात जाते आणि वरणावरची तीच मोहरी गरीब गाय होऊन बसते.

हिंगाचं याच्या उलट. डबी उघडली तर नाक मुरडावं. जर्मन लोक त्याला चक्क सैतानाची विष्ठा म्हणतात. पण तेलात पडला की त्यातली गंधकाची संयुगं बदलतात आणि घरभर ‘जेवायला किती वेळ?’ सुरू होतं. आपण डबीतून घेतो त्या बांधणी हिंगात खरा हिंग थोडाच, बाकी डिंक आणि पीठ. इतका हिंग खाणारा आपला देश, पण तो येतो अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात हिंगाचं पहिलं रोप लागलं ते २०२० च्या ऑक्टोबरात. आता ही झाडं मोठी होऊन चीक द्यायला लागेपर्यंत डबी जपून वापरा.

गोड्या मसाल्यातलं दगडफूल तर फूलही नाही आणि दगडही नाही. बुरशी आणि शेवाळाने एकत्र थाटलेला संसार आहे तो. कच्चं हुंगलं तर जुन्या पुस्तकासारखं मवाळ, तेलावर परतलं की स्वयंपाकघराची मालकीण.

पहिल्या पावसाच्या वासाचंही असंच, न दिसणाऱ्या मंडळींचं काम. मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचा पदार्थ बनवतात, आणि माणसाचं नाक तो एक लाख कोटी भागांत मोजके भाग असला तरी पकडतं. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या जोडीने १९६४ मध्ये या वासाला पेट्रिकोर हे नाव दिलं. आपल्याकडे कनौजचे अत्तरवाले तोवर कित्येक पिढ्या वाळल्या मातीतून तो वास तांब्याच्या भांड्यात उतरवून, चंदनाच्या तेलात मुरवून, कुपीत भरून विकत होते. आणि त्या दोघांनी आपल्या लेखात या मातीच्या अत्तराचा उल्लेखही केला आहे, हे त्यांच्या मोठेपणाचंच.

नवं घर का घुमतं?

सामान यायच्या आधी रिकाम्या फ्लॅटमध्ये टाळी वाजवा. आवाज भिंतींवरून टप्पे खात फिरतो. आपलाच आवाज परका वाटतो, मुलं मुद्दाम ‘हूऽऽ’ करत धावतात. मग गाद्या येतात, पडदे लागतात, दाराआडच्या खुंटीवर कपडे लटकतात, आणि एक दिवस लक्षात येतं की घुमणं बंद झालंय.

याचं गणित मांडणाऱ्या माणसाची गोष्ट फर्मास आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात नवं व्याख्यानगृह झालं आणि त्यात कुणालाच काही ऐकू येईना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते दुखणं आलं. गडी काय करायचा? शहर निजलं की जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून इकडे आणायचा, मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा आणि उजाडायच्या आत गाद्या परत. पुढे त्याच्या ध्यानात आलं की अंगावरचे कपडेसुद्धा आवाज पितात. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाला तोच कोट, तीच पँट! (धुवायला कधी टाकत असेल, हा प्रश्न घरच्यांनी विचारला असणारच.) आवाज पिण्याच्या मापाला त्याचंच नाव मिळालं, सॅबिन, आणि एक सॅबिन म्हणजे एक चौरस फूट उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून ती पैकीच्या पैकी गुण मिळवणारी शोषक. अर्थात भांडताना खिडकी उघडी ठेवली तर घरात घुमत नाही, सोसायटीत घुमतं.

तेव्हा दारामागच्या खुंटीवरच्या कपड्यांच्या ढिगाऱ्यावरून कुणी बोललं, तर छाती काढून सांगा, हा ध्वनिशोषक आहे. एक आवाज मात्र तोही पिऊ शकत नाही.

‘अगं, किती झाल्या?’

‘दोन झाल्या, आई.’

‘मग एक होऊ दे आणि बंद कर.’

सासू बाहेरच्या खोलीत शेंगा निवडतेय, सून आत कणीक मळतेय, आणि हा संवाद कशाबद्दल चाललाय हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. कुकरच्या या शिट्टीचा खापरपणजोबा फ्रेंच होता. डेनी पापँ याने १६७९ मध्ये घट्ट झाकणाचं, वाफ कोंडणारं भांडं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. हाडंसुद्धा त्यात मऊ पडत. १६८२ मध्ये सोसायटीच्या मंडळींना त्याने त्यात रांधलेलं जेवणही घातलं. आपल्या कुकरात दाब चढला की पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळतं आणि तूरडाळ शरण येते. महाबळेश्वरला उघड्या पातेल्यात तर पाणी ९५-९६ अंशांवरच उकळू लागतं. तिथे कुकर नसता तर वरणाची वाट बघत पर्यटक खाली वाईला उतरले असते.

एक पक्कं: कुकरची शिट्टी टीव्हीच्या मालिकेपेक्षा मोठी असते आणि नेमकी महत्त्वाच्या वाक्यावर होते. याला शास्त्रीय कारण नाही.

ऊब मोजायची झाली तर

केसाळ त्वचेत, म्हणजे पाठीवर, दंडावर, असे काही मज्जातंतू असतात ज्यांना फक्त सावकाश कुरवाळणं कळतं. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या वेगाने, आणि तेही अंगाइतक्याच उबेचा हात असेल तर ते सगळ्यांत जास्त खूश. स्वीडनमधल्या संशोधकांनी हे सूक्ष्म सुया टोचून तपासलं. झोपणाऱ्या बाळाच्या पाठीवरून आजीचा हात साधारण याच वेगाने फिरतो, तिला कुणी सेंटिमीटर शिकवलेले नसताना. तळहातावर हे तंतू जवळजवळ नाहीतच. म्हणून गोधडी हाताने चाचपून कळत नाही, अंगावर घ्यावी लागते.

आणि गोधडी असावी ती जुन्या सुती लुगड्यांची. सूत जितकं धुवाल तितकं मऊ, त्यामुळे नव्या कापडाची गोधडी म्हणजे नुसतं पांघरूण. देशावर तिला वाकळ म्हणतात. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीची शिवण कडेपासून सुरू होऊन मध्याकडे जाते आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या चौकोनी तुकड्यांची ‘फुलं’ लागतात. फुलं नसली तर गोधडी उघडी दिसते, असं त्या मानतात. धावदोऱ्याचा इतका मान दुसरीकडे क्वचित.

खाली पायाला काय लागतं तेही घरच. शाहाबादी फरशी मे महिन्यात गार लागते, लाकडी पाट लागत नाही. खरं तर एकाच खोलीत दोघांचं तापमान सारखंच असतं. दगड पायातली उष्णता झपाट्याने ओढून घेतो, लाकूड आळशी. मुंबईतल्या जुन्या इमारतींत गालिच्यासारख्या नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या दिसतात. तशा फरश्या करणारी भारत टाइल्स १९२२ साली स्वदेशीच्या वाऱ्यात सुरू झाली. आज त्या उखडून वर गुळगुळीत पांढऱ्या टाइल्स बसवणाऱ्यांबद्दल इथे न लिहिलेलंच बरं.

झोपाळा वजन बघत नाही

जिनिव्हात २०११ मध्ये बारा पुरुषांना दुपारी पाऊण तास हलणाऱ्या पलंगावर झोपवलं. स्थिर पलंगापेक्षा त्यांना झोप लवकर लागली आणि गाढही लागली. पलंगाचा वेग होता चार सेकंदांना एक झोका. आता आपला झोपाळा घ्या. झोक्याला लागणारा वेळ ठरतो कड्यांच्या लांबीवर, बसणाऱ्याच्या वजनावर नव्हे. म्हणजे शंभर किलोचे आजोबा आणि पंधरा किलोची नात, झोका तोच. दोन मीटरच्या कड्यांना पावणेतीन-तीन सेकंद लागतात. जिनिव्हाची गती हवी तर चार मीटरच्या कड्या, म्हणजे वाड्याचं दुमजली उंचीचं माळवद हवं. वन-बीएचकेवाल्यांनी पायाने हळू रेटा देत राहावं.

दिव्याचं उलटं शास्त्र

खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेला दिवा पांढरा-निळसर, २७०० केल्विनचा पिवळसर. आकडा चढला की प्रकाश ‘थंड’ म्हणायचा! समईची वात २००० च्या आसपास. डोळ्यातल्या काही पेशी निळसर उजेडावरून दिवस-रात्र ठरवतात, तेव्हा रात्री दहाला ट्यूबलाइटखाली बसून झोप येत नाही म्हणणाऱ्याने आधी खोकं वाचावं. खिडकी मात्र असावीच. रॉजर उल्रिक यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या: ज्यांना खिडकीतून झाडं दिसत ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जहाल वेदनाशामकंही कमी लागली.

जिभेचं माहेर

माठातलं शंभरात एक भाग पाणी उडालं, तर उरलेलं पाणी जास्तीत जास्त सहाएक अंशांनी निवू शकतं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ म्हणूनच शेर, मुंबईच्या दमट हवेत नुसता शोभेचा. माठाची छिद्रं क्षारांनी बुजत जातात, तेव्हा दर उन्हाळ्यात नवा आणावा, आणि त्यात वाळ्याची पुरचुंडी सोडावी.

पण खरी चैन विरजणाची. ते जिवंत असतं, आणि एका घरातून दुसऱ्या घरात नांदायला जातं. परदेशी निघालेल्या लेकीबरोबर पूर्वी स्वच्छ रुमाल दह्यात बुडवून, वाळवून, घडी करून द्यायचे. तिकडे कोमट दुधात तो रुमाल सोडला की झालं. अडल्या वेळी हिरव्या मिरचीच्या देठांनीही दही लागतं, पण ते सांगायचं नाही. दही छान लागलं तर ते लेकीचं कौतुक. आंबट निघालं तर पहाटे तीनला पुण्यात फोन वाजतो: ‘अगं आई, तुझं विरजण बिघडलंय!’