देऊ केलेले तास

रताळ्याच्या सऱ्यांत गुडघ्याएवढं आभाळ साचलंय. पूर्व नॉर्थ कॅरोलायना, ऑक्टोबर. मागच्या आठवड्यात दोन दिवस पाऊस झाला, आणि काल सकाळपासून पुन्हा लागलाय. कामगारांना शेतावर नेणारी जुनी बस चिखलात उभी आहे. मी एका स्वयंसेवी गटाबरोबर आलेय. माझी स्पॅनिश तोडकीमोडकी, म्हणून टॉर्च माझ्याकडे.

कामगारांच्या बराकीत राजमा शिजतोय. हंगामी शेतमजुरांच्या एच-२ए व्हिसावर माणसं आणायची तर मालकानं त्यांना तीन वेळचं जेवण द्यायचं, नाहीतर स्वयंपाकघर तरी फुकट द्यायचं. राहायची जागा फुकटच. झोपायच्या खोलीत माणशी 50 चौरस फूट जागा हवी, एकेरी खाटांमध्ये 36 इंचांचं अंतर हवं. मी दोन खाटांमधली जमीन वितीनं मोजते. चार विती भरतात.

भांडण खाटेचं नाहीच. मेक्सिकोतल्या नायारितहून आलेला एक पन्नाशीचा गृहस्थ पगाराची चिठ्ठी टेबलावर पसरतो. शेजारी स्वतःची वही ठेवतो, खिशात मावेल एवढी. अर्धा करार संपल्यावर गावाहून इथवरच्या प्रवासाचे पैसे मिळाले, हे तो आधी सांगतो. मग चिठ्ठीतल्या एका रकान्यावर बोट ठेवतो. मागच्या आठवड्यात देऊ केलेले तास: 40. केलेले तास: 24. वहीत मात्र मंगळवार-बुधवारसमोर शून्य आहे. पाऊस होता, बस निघालीच नाही.

केलेल्या 24 तासांचे पैसे चोख आलेत. मग त्या 40 चं काय एवढं? त्याचा करार 20 आठवड्यांचा, आठवड्याला 40 तास, म्हणजे 800. त्यातले तीन चतुर्थांश, 600 तास काम देण्याची हमी मालकावर आहे. कमी पडले तर फरकाचे पैसे द्यायचे. पण देऊ केलेलं काम कामगारानं नाकारलं, तर ते तास दिल्यातच जमा होतात. म्हणजे न निघालेल्या बसचे 16 तास या कागदावर त्यानंच नाकारलेत. मला राग येतो, आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

तक्रार करणार का, आमच्यातली एक जण विचारते. तो राजम्याकडे बघतो. सूड घ्यायला कायद्यानं बंदी आहे. पण त्याचा व्हिसा याच मालकाच्या कामाशी बांधलेला, आणि पुढच्या वर्षी कुणाला बोलवायचं ती यादीही मालकच करणार.

बीडकडच्या ऊसतोडीच्या कोप्या मी पाहिल्यात. तिथं हिशेबाची वही मुकादमाकडे असते. खाडा झाला की दंड आधी घेतलेल्या उचलीत चढतो. इथं वही या माणसाच्या खिशात आहे. मला तिचं फार मोल वाटतं.

कोपऱ्यातला एक तरुण फोन पुढे करतो. मागचा मंगळवार, सकाळी 6:40, डबक्यात उभी बस. बुधवारचाही फोटो आहे. गृहस्थ दोन्ही निरखून पाहतो, चिठ्ठीची घडी घालून वहीत ठेवतो आणि त्याला काहीतरी म्हणतो. "आजचा काढलास का?" एवढं मला समजतं.

नाही काढलेला. आम्ही तिघं पावसात बाहेर येतो. बसच्या मागंपुढं चिखलावर चाकांची एकही रेघ नाही. तरुण फोन वर धरतो, मी चाकांवर टॉर्च धरते.