गाठ निघाली, पण पेशी कुठे गेल्या?

ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली, तरी काही वर्षांनी कॅन्सर हाडात दिसतो. असं का होतं? गाठीतल्या काही पेशी आधीच सुटून रक्तात गेलेल्या असतात. १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲशवर्थ यांनी कॅन्सरने मरण पावलेल्या रुग्णाच्या रक्तात अशा पेशी पाहिल्या.

त्या शोधणं अवघड. एका मिलिलिटर रक्तात सुमारे ५ अब्ज तांबड्या पेशी, लाखो पांढऱ्या. त्यांत कॅन्सरच्या एक-दोन, कधी एकही नाही. म्हणून आपण चुंबक वापरतो. स्तन, आतडं, तोंड यांच्या बहुतेक गाठींतल्या पेशींवर एपकॅम नावाचं प्रथिन असतं. रक्तपेशींवर ते सहसा नसतं. त्याला चिकटणारी प्रतिपिंडं चुंबकीय कणांवर बसवायची, कण रक्तात मिसळायचे आणि बाहेरून चुंबक लावायचा. आपल्या पुण्यातल्या ॲक्टोरियस कंपनीची ऑन्कोडिस्कव्हर चाचणी याच तत्त्वावर, दीड मिलिलिटर रक्तात होते.

पण पसरताना काही पेशी एपकॅम कमी करतात आणि हातून निसटतात. म्हणजे ‘सापडल्या नाहीत’ याचा अर्थ ‘नाहीतच’ असा नव्हे.

आणि सापडल्या तर? पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेसात मिलिलिटर रक्तात ५ किंवा जास्त पेशी असल्या तर धोका अधिक, हे २००४ मध्ये कळलं. मात्र केमो सुरू करूनही आकडा उतरला नाही म्हणून लगेच औषध बदलल्याने आयुष्य वाढलं नाही, असं २०१४ च्या चाचणीत दिसलं. म्हणून आता आपण पेशी नुसत्या मोजत नाही. पकडलेली पेशी कोणत्या औषधाला दाद देईल, हे तिलाच विचारतो. तोपर्यंत रिपोर्ट कोराच आला, तरी डॉक्टरांनी दिलेली तपासणीची तारीख चुकवायची नाही.