उरणाऱ्या पत्र्यासाठी

सुरत–धुळे महामार्ग नवापूर, विसरवाडी मागे टाकून कोंडाईबारीचा घाट चढतो. तळोद्याहून धडगावला निघालेल्या जीपगाड्या चांदसैली घाटाच्या वळणांतून वाट काढतात. १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याचे हे रस्ते गाड्यांची परीक्षा पाहतात. एखाद्या गाडीचं मडगार्ड चेपतं. एखाद्या गाडीच्या दाराखालच्या पोकळीत पावसाळाभर चिखल साचतो आणि गंज पत्रा आतून खात जातो. मग गाडी डेंटरकडे येते. ठोकून सरळ होण्यापलीकडे गेलेला पत्रा कापावाच लागतो.

गाडीचा बाहेरचा पत्रा जेमतेम ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो. पूर्वी तो छन्नी-हातोड्याने किंवा हातकात्रीने कापत, आता बहुतेकांच्या हातात चार इंची ग्राइंडर असतो. वेगवान अँगल ग्राइंडर १९५४ साली जर्मनीतल्या आकरमान उंड श्मिट या कंपनीने बाजारात आणला. स्वस्त, आटोपशीर आणि घरगुती विजेवर चालणारा असल्यामुळे तो गॅरेजोगॅरेजी पोहोचला. एक मिलिमीटरची चकती लावली की तो गंजलेला बोल्टही कापतो आणि दाराची चौकटही. पण मिनिटाला ११,००० फेरे घेणाऱ्या या चकतीची कड ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने पत्र्यावर घासते. पत्रा तापतो, निळा पडतो, लहरतो. कापाजवळचा रंग आणि जस्ताचा थर जळतो. ठिणग्या काचेला चिकटून कायमचे काळे ठिपके पाडतात, सीटच्या कापडाला भोकं पाडतात. अशा कडेला सीओटू वेल्डिंग केलं की पत्रा आणखी ओढला जातो. ते झाकायला लांबीचा, म्हणजे पुटीचा, जाड थर भरावा लागतो आणि तो पुढे तडकतो.

म्हणून हत्यार निवडताना उरणाऱ्या पत्र्याचा विचार आधी करावा. बोनेट किंवा छतासारख्या मोकळ्या पत्र्यावर निबलर उत्तम. त्याचा ठसा पत्र्याचे चंद्रकोरीसारखे तुकडे पाडत पुढे सरकतो. ठिणग्या नाहीत, फारशी उष्णता नाही आणि कडही सपाट राहते. मात्र मधूनच सुरुवात करायची तर आधी भोक पाडावं लागतं, आणि ते तुकडे पोकळीत राहिले तर तिथेच गंज धरतो. लांब सरळ कापासाठी दोन पात्यांमधून पट्टी काढणारी विजेची कात्री बरी. अडचणीच्या जागी, दुहेरी पत्र्यात, हवेवर चालणारी बारीक करवत कामाला येते. ती हवा मात्र भरपूर खाते. पंक्चर काढण्याच्या छोट्या कॉम्प्रेसरवर ती दम टाकते.

सर्वांत दुर्लक्षित हत्यार म्हणजे स्पॉट वेल्ड कटर. कारखान्यात दोन पत्रे ठिपक्यांनी जोडलेले असतात. हा कटर ड्रिलला लावून ठिपक्याभोवती फक्त वरचा पत्रा कोरायचा, खालचा शाबूत ठेवायचा. सांधा जसा होता तसा सुटतो आणि नवा भाग मूळ जागी चपखल बसतो.

नव्या गाड्यांत आणखी एक अडसर असतो. बऱ्याच गाड्यांच्या मधल्या खांबांना बोरॉनयुक्त पोलाद वापरतात. साध्या पत्र्याच्या तुलनेत ते चौपट-पाचपट ताण सोसतं. त्यावर निबलर मोडतो, करवत बोथट होते आणि उष्णतेने त्याची मूळ ताकद जाते. कुठे कापायचं, कुठे अख्खा भाग बदलायचा, हे कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेत पाहूनच ठरवावं. सीएनजी टाकी आणि इंधनाच्या नळ्या कुठून जातात ते बघून, बॅटरी काढून आणि डोळ्यांवर गॉगल चढवूनच यंत्र सुरू करावं.

लहान गॅरेजकडे ग्राइंडर असतोच. त्याच्या जोडीला पहिल्यांदा स्पॉट वेल्ड कटर घ्यावा. खर्च थोडा, फरक मोठा. मग निबलर घ्यावा, आणि कॉम्प्रेसर मोठा झाला की हवेची करवत. कापलेल्या कडेला वेल्डिंगआधी जस्ताचं प्रायमर आणि नंतर पोकळीत मेण, हा खर्च गाडीमालकानेही आनंदाने द्यावा. हे कसब शिकायला आयटीआयच्या राष्ट्रीय यादीत ऑटो बॉडी रिपेअरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पोरांनी तो मन लावून शिकावा. घाटात पुढचा धक्का बसेल तेव्हा आत बसलेल्या माणसांना वाचवायचं काम याच उरलेल्या पत्र्याला करायचं आहे.